हर्बर्ट चॅपमन : मायनिंग शिकलेला मॅनेजर

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एका रात्री दोन मॅच चालतात. एक स्क्रीनवर, दुसरी आपली! फर्ग्युसन ग्रेट की गार्डिओला? जिंकणारा क्लब सोडून जाणारा मॅनेजर हुशार की वेडा? या भांडणात हर्बर्ट चॅपमनचं नाव मात्र कुणी घेत नाही. खरं तर तो आपल्यातलाच, इंजिनिअरिंगवाला!

१८७८ साली शेफील्डजवळच्या किव्हेटन पार्क गावात एका खाणकामगाराच्या घरी तो जन्मला. शेफील्डच्या टेक्निकल स्कूलमध्ये मायनिंग शिकला. खेळाडू म्हणून साधारणच, सारखे क्लब बदलत राहिला. १९०७ मध्ये नॉर्दॅम्प्टनचा प्लेअर-मॅनेजर झाला आणि दोन वर्षांत संघाने सदर्न लीग जिंकली.

१९१२ मध्ये तो लीड्स सिटीत गेला, आणि तिथे घात झाला. महायुद्धाच्या काळात खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याच्या आरोपावरून १९१९ मध्ये तो क्लबच लीगमधून हाकलला गेला. चॅपमनवरही बंदी आली. करिअर संपल्यातच जमा! पण त्या काळात तो दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करत होता, हे मांडल्यावर बंदी उठली. १९२१ मध्ये हडर्सफील्डने त्याला घेतलं. १९२२ मध्ये एफ. ए. कप, १९२४ आणि १९२५ मध्ये लीग!

आता सलग तिसरी लीग जिंकायची होती. तेव्हाच गडी उठला आणि आर्सेनलला गेला. आर्सेनल त्या वर्षी २२ संघांत २०वा होता! आपल्या टीव्ही रूमने त्याला वेड्यातच काढलं असतं.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. फॉरवर्डच्या पुढे तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालू लागलं. गोलांचा पाऊस सुरू झाला. न्यूकॅसलकडून आर्सेनलने ७-० असा मार खाल्ला. मग सीनियर खेळाडू चार्ली बकनचं म्हणणं ऐकून चॅपमनने सेंटर हाफला मागे डिफेन्समध्ये आणलं. त्यातूनच पुढे प्रसिद्ध डब्ल्यू-एम रचना उभी राहिली.

तरी पहिली ट्रॉफी यायला पाच वर्षं लागली. १९३० चा एफ. ए. कप, आणि फायनलला समोर कोण? हडर्सफील्ड! आर्सेनल २-० ने जिंकलं. मग १९३१ आणि १९३३ मध्ये लीग. १९३२ मध्ये तर त्याने मैदानाजवळच्या भुयारी रेल्वे स्टेशनचं नावच 'आर्सेनल' करून घेतलं!

६ जानेवारी १९३४ ला न्यूमोनियाने तो गेला. वय फक्त ५५.

हिशेब मांडला तर चॅपमनच्या नावावर चार लीग. पण तो गेल्यावर हडर्सफील्डने १९२६ ची लीग जिंकून हॅटट्रिक पूर्ण केली. आर्सेनलनेही १९३४ आणि १९३५ जिंकून तेच केलं. या तीन ट्रॉफी कुणाच्या खात्यात टाकायच्या? माझ्या मते, थोड्या तरी त्याच्याच. आपण बनवलेलं मशीन आपण शेजारी नसतानाही चालतं, तेव्हाच ते नीट बनवलेलं असतं ना?

पुढच्या मॅचच्या रात्री भांडताना एवढं लक्षात ठेवा. आणि हो, रिमोट कुणी लपवू नका!