फादर हॉफमन आणि मुंडांची जमीन

छोटा नागपूरच्या मुंडा गावात जमिनीचा सातबारा दगडाचा असे. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या सासनदिरी शिळा ज्या कुळाच्या, ते कुळ गावाचे मूळ मालक. जंगल तोडून शेते करणाऱ्यांच्या वंशजांची ही सामाईक मालकी म्हणजे खुंटकट्टी. तंटा झाल्यास गावचा मुखिया आणि वडीलधारे तो बसून मिटवीत. न मिटल्यास अनेक गावांची पडहा सभा निवाडा देई. इंग्रजांच्या कचेरीत मात्र कागद लागे, आणि कागद जमीनदाराकडे असे.

या कचेरीपायीच चर्च जमिनीच्या वादात ओढले गेले. बेल्जियन जेझुइट फादर लीव्हन्स यांनी १८८५ पासून रयतेला खटल्यांत साह्य केले आणि हजारो आदिवासी ख्रिस्ती झाले. त्यात श्रद्धा किती व जमिनीची आशा किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

लीव्हन्स यांच्यामागून आलेले फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन यांची वाट निराळी होती. १८५७ साली जर्मनीत जन्मलेला हा जेझुइट विशीतच भारतात आला आणि पुढे खुंटीजवळच्या सरवदा येथे राहिला. एकेक खटला जिंकून भागणार नाही, गावाचा कायदाच सरकारला समजला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यासाठी ते मुंडारी शिकले. १९०३ मध्ये त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले.

मात्र ज्यांच्यासाठी ते झटत होते, त्यांच्यातलेच अनेक जण त्यांना परके मानत. बिरसा मुंडांच्या चळवळीला हॉफमन यांचा विरोध होता. २४ डिसेंबर १८९९ च्या रात्री बिरसाच्या अनुयायांनी सरवदा मिशनवर बाण सोडले. हॉफमन बचावले. बिरसा जून १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात मरण पावले. पण त्या उठावाने हादरलेले सरकार मुंडांच्या हक्कांची नोंद करायला तयार झाले. हॉफमन यांना ऐकणारा श्रोता मिळाला तो बिरसामुळे, हे मान्य करावेच लागेल.

लिस्टर या इंग्रज अधिकाऱ्यासह त्यांनी खुंटकट्टीवर टिपण तयार केले. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्यात खुंटकट्टीला स्वतंत्र स्थान मिळाले, जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आले. तोवर बहुतेक गावे हातची गेली होती. पुढच्याच वर्षी सावकारी पाश सोडविण्यासाठी हॉफमन यांनी पतपेढी उभारली. ती कॅथलिकांपुरतीच होती, ही तिची मर्यादा.

पहिल्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि १९१५ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. उरलेली वर्षे त्यांनी जर्मनीत मुंडारी ज्ञानकोशावर घालविली. १९२८ साली ते निवर्तले. ज्ञानकोशाचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर पाटण्याला छापले गेले. १९०८ च्या कायद्यातील निर्बंध सैल करणारे विधेयक झारखंड विधानसभेने २०१६ मध्ये संमत केले. आदिवासींच्या तीव्र विरोधानंतर २०१७ मध्ये तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते परत पाठविले.