ग्रंथपाल घडविणारा राजा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड

आपल्या हैदराबादेत मुसी नदीच्या काठी, अफजलगंजात, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत उभी आहे. १८९१ साली निजामी राज्यात स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय ते हेच. तेथे एखादे पुस्तक मागितले की ग्रंथपाल शेकडो कपाटांतून नेमके तेच काढून आणून देतो. ही विद्या त्याला कोणी शिकविली, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? सार्वजनिक ग्रंथालयाचे काम शिकविणारा हिंदुस्थानातील पहिला वर्ग बडोद्यास एका मराठी राजाने भरविला. विशेष हे की, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्या राजाला स्वतःलाच लिहिण्यावाचण्याचा फारसा गंध नव्हता.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ च्या मार्च महिन्यात काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. घर शेतकऱ्याचे, राजघराण्याशी नाते दूरचे. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि गादी रिकामी झाली. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी याच मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव सयाजीराव ठेवले. काल शेताच्या बांधावर खेळणारा मुलगा आज राजवाड्यात पाटीपुस्तक घेऊन बसला. इलियट या इंग्रज गुरूच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. एवढ्या उशिरा आरंभ करून त्या मुलाने तो तडीस कसा नेला असेल, याची कल्पना परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल! १८८१ च्या अखेरीस राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली तेव्हा महाराज व्यासंगी वाचक बनलेले होते, आणि ती गोडी पुढे जन्मभर टिकली.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली त्यांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटली आणि हाती नांगर आला, की वाचायला काही न मिळाल्याने शिकलेले अक्षर दोन-चार वर्षांत पुसून जाते. मग सक्तीचा खर्च व्यर्थच. हा विचार मनात घोळत असता महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील मोफत ग्रंथालये पाहिली. महाराजांच्या वारंवार परदेशी जाण्याबद्दल त्या काळी पुष्कळ कुरकूर होत असे. पण निदान हा प्रवास तरी राज्याला महाग पडला नाही, असे म्हटले पाहिजे.

न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना महाराजांनी १९१० मध्ये बडोद्यास आणविले, आणि राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खाजगी संग्रह प्रजेसाठी दिला. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पण पुस्तके आली म्हणजे ग्रंथालय झाले असे नव्हे. ती विषयवार लावावयाची कशी, सूची कशी करावयाची, देवघेवीची नोंद कशी ठेवावयाची, हे जाणणारी माणसे कोठून आणावयाची? ती येथेच घडविली पाहिजेत, हे ओळखून १९११ साली बॉर्डन यांचा ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षीच्या दिल्ली दरबारात बादशहास मुजरा करून महाराजांनी पाठ फिरविली, म्हणून केवढा गदारोळ उठला! तो प्रसंग आजही पुस्तकांत वर्णिलेला आढळतो. या लहानशा वर्गाची आठवण मात्र थोड्यांनाच आहे. लाहोरच्या विद्यापीठात असा वर्ग १९१५ मध्ये निघाला, मद्रासेत रंगनाथन यांचा १९२९ मध्ये. आपल्या हैदराबाद राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो तर १९५५ साली.

तीन वर्षांनी बॉर्डन स्वदेशी परतले. परका माणूस गेला की काम बसते, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ती धुरा उचलली. मोतीभाई अमीन खेडोपाडी हिंडून वाचनालये काढीत राहिले. गावाने वर्गणी जमवावी व सरकारने तीत भर घालावी, अशी योजना होती. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. एका गावचे वाचून झाले की पेटी परत येई व दुसरी निघे. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिकही बडोद्याहून इंग्रजी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांत निघू लागले.

मुंबई येथे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाले. त्या वेळी बडोदे राज्यात हजाराहून अधिक गावांत वाचनालये होती. पुढे दहा वर्षांनी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यास स्थापन झाले, आणि १९५६ पासून तेथे ग्रंथालयशास्त्राचा स्वतंत्र विभागही चालू आहे.