वायर तुटली तरी नेट चालू कसं? डायक्स्ट्रांची गोष्ट

नेटची एक लाइन गेली की राउटर दुसरी वाट शोधतो. त्यामागचं गणित एड्सगर डायक्स्ट्रा यांचं.

त्यांचा जन्म 1930 चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. 1956 मध्ये होणाऱ्या बायकोसोबत ॲमस्टरडॅमच्या कॅफेत बसले असताना, कागद-पेन न घेता, वीसेक मिनिटांत त्यांनी सगळ्यात जवळची वाट काढायची रीत शोधली. छापून आली 1959 मध्ये. मधे 1957 ला लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला, तर तो मान्यच झाला नाही! 1972 मध्ये मात्र ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये ते गेले.

आता ती रीत बघा. मी सिद्धेश्वरहून काम करतो. माझ्या लिनक्सवरून ऑफिसपर्यंत दोन टनेल आहेत, एक फायबरवरून, एक मोबाइल डेटावरून. टनेल म्हणजे पाकिटात घातलेलं पाकीट. फायबरची कॉस्ट 10, मोबाइलची 100 ठेवलीय. कमी कॉस्टची वाट आधी. ओएसपीएफ प्रोटोकॉल दर 10 सेकंदांनी 'हॅलो' पाठवतो. समोरून 40 सेकंद हॅलो आलं नाही, की ती वाट बाद. डायक्स्ट्रांचं गणित पुन्हा मांडलं जातं आणि डेटा मोबाइलवरून निघतो.

1957 मध्ये जो व्यवसाय कागदावर चालला नाही, त्याच्याच जोरावर मला आज गाव सोडावं लागत नाही.