ब्राउनची नळी

आमच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत कपाटावर एक जुना काळा-पांढरा टीव्ही संच धूळ खात पडला होता. गेल्या सत्रात बी.एस्सी.च्या मुलांना दाखवावा म्हणून अटेंडरमामांकरवी तो खाली उतरवून घेतला आणि पॅटर्न जनरेटर जोडला. पडद्यावर चौकटी उमटल्या खऱ्या, पण सगळे चित्र एका बाजूला कललेले; कडा आत दबलेल्या आणि कोपरे उशीच्या टोकांसारखे बाहेर ओढलेले. मागचे झाकण काढून नळीच्या मानेवरची वेटोळी पाहताना मला कार्ल फर्डिनांड ब्राउन आठवला.

ब्राउनचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा गावी झाला. १८७२ मध्ये बर्लिनला डॉक्टरेट मिळवून दोन वर्षांनी तो लाइपझिगच्या एका शाळेत मास्तर झाला. त्याच वर्षी त्याने दाखवून दिले, की धातूंच्या काही गंधकयुक्त स्फटिकांतून वीज एका दिशेने जितकी सहज वाहते तितकी उलट दिशेने वाहत नाही. आजच्या डायोडचे मूळ इथे आहे. पुढे निरनिराळ्या विद्यापीठांत शिकवून १८९५ मध्ये तो स्ट्रासबुर्गच्या भौतिकी संस्थेचा प्रमुख झाला.

१८९७ मध्ये त्याने आपली नळी जाहीर केली. हेतू चित्राचा नव्हता. बदलत्या विजेचा आकार डोळ्यांनी पाहायचा होता. निर्वात नळीतला किरण बारीक छिद्रातून जाऊन अभ्रकाच्या लेप दिलेल्या पडद्यावर ठिपका पाडी. बाहेरच्या वेटोळ्यात वीज सोडली की ठिपका वरखाली नाचे, आणि ते नाचणे फिरत्या आरशात पाहिले की लाट दिसे. आडवे सरकवणारे दुसरे वेटोळे त्याचा साहाय्यक झेनेक याने नंतर जोडले. या नळीचे पेटंट ब्राउनने घेतलेच नाही.

त्याला १९०९ चे नोबेल मिळाले ते बिनतारी संदेशाच्या कामाबद्दल, मार्कोनीबरोबर वाटून. आणि हेच बिनतारी त्याला नडले. १९१४ च्या अखेरीस, युद्ध पेटलेले असताना, पेटंटच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी तो आजारी प्रकृतीनिशी अमेरिकेला गेला. १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलीनमध्ये त्याचे निधन झाले. त्याच वर्षी युद्ध संपले आणि स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले. जी वस्तू त्याने जगाला फुकट दिली तिच्यावरून त्याला कोणी कोर्टात ओढले नाही, हे मला फार लागते.

असो. आमच्या संचाकडे वळतो. पडदा जवळजवळ सपाट, त्यामुळे कोपऱ्यांपर्यंत किरणाला लांब जावे लागते आणि चित्र तिथे ताणले जाते. त्यावर उतारा म्हणून योकच्या कडेला छोटे चुंबक बसवलेले असतात. मुलांना मी लांब उभे केले, कारण संच बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्ट टिकून राहतात. पडद्यासमोर आरसा धरायला अटेंडरमामांना सांगितले, कारण मी मागे होतो. योकचा स्क्रू सैल करून तो जरा फिरवताच चित्र सरळ झाले. मग एकेक चुंबक वळवला. तीन कोपरे जागेवर आले. डावीकडचा खालचा मात्र अजून थोडा ओढलेलाच आहे.