मालतीबाई बेडेकर आणि झाकलेले नाव

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचा परिचय लिहावा असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी मालतीबाई बेडेकर यांची निवड केली. आपल्या सोलापूरशी त्यांचा निकटचा संबंध आला होता, आणि त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आपण सर्वजणींनी मनावर घ्यावी अशी आहे.

मालतीबाईंचा जन्म १९०५ सालचा. माहेरचे नाव बाळूताई खरे. वडील शिक्षक होते. मुलींना शिकवावयाचेच असा त्यांचा निर्धार होता. हिंगण्यास महर्षी कर्वे यांच्या संस्थेत राहून बाळूताई शिकल्या, महिला विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. १९३१ साली त्यांचे ‘अलंकार-मंजूषा’ निघाले. पुढच्याच वर्षी के. ना. केळकर यांच्यासह लिहिलेला ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’ हा ग्रंथ आला. ऐन पंचविशी-सत्ताविशीत धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणारी ही विदुषी होती.

परंतु १९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला, त्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. शिकून मिळवत्या झालेल्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुली, त्यांच्या पगारावर चालणारी घरे, त्यांच्या मनातील अबोल इच्छा या कथांतून प्रथमच उघडपणे मांडल्या गेल्या. समाजात मोठे वादळ उठले. लेखिका कोण, बाई की पुरुष, याची चर्चा घरोघर झाली. बाळूताई मात्र गप्प राहिल्या. अविवाहित शिक्षिकेने असे लिहिले हे कळते, तर तिची नोकरी, तिची अब्रू आणि तिच्या घरच्यांची शांतता या तिन्हींवर गदा आली असती.

१९३८ साली त्यांचा विवाह नाटककार व चित्रपट-दिग्दर्शक विश्राम बेडेकर यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्या सोलापुरी सेटलमेंटच्या कामावर होत्या. आपल्या गावात त्या वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवीत. रोज हजेरी द्यावयाची, बाहेर जावयाचे तर परवाना घ्यावयाचा. मालतीबाईंनी ते जीवन जवळून पाहिले. दहा वर्षे ते त्यांच्या मनात घोळत राहिले आणि १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी झाली. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. ‘बळी’वरही नाव विभावरी शिरूरकर हेच होते.

पुढे घर सुटलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाचा त्यांनी अभ्यास केला. १९८१ साली मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २००१ साली त्या निवर्तल्या.

मालतीबाईंनी नाव झाकले याचे कौतुक विनयशीलता म्हणून केलेले मी ऐकले आहे. मला ते पटत नाही. धर्मशास्त्राच्या ग्रंथावर ज्या बाईने स्वतःचे नाव घातले, तिला नावाचा संकोच कसला? ज्या लेखनावर समाज रागावेल त्याच लेखनावरून तिला नाव काढावे लागले. तो तिचा विनय नव्हता, समाजाने तिच्याकडून वसूल केलेला दंड होता.

मी अनेक वर्षे अध्यापन केले. किती अभ्यासू भगिनींचे लेख टेबलाच्या खणात पडून राहिलेले मी पाहिले! पुरुष सहकारी चार पानांचे टिपण घेऊन व्याख्यानास उभे राहत. ह्यांची वर्षांची मेहनत मात्र अजून पुरी झाली नाही, म्हणून बाहेर येत नसे. कोणी विचारलेच, तर त्यात माझे ते काय, असे म्हणून त्या विषय बदलीत. त्यांना कोणी दटावले नव्हते, तरी दंड त्या आपणहून भरीत होत्या.

आपल्या मंडळातही तेच आहे. अहवाल एकीने लिहावयाचा, हिशेब दुसरीने जुळवावयाचा, खाली नाव कोणाचेच नाही. मालतीबाईंना तोंड झाकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आपल्याला आहे. म्हणून पुढच्या स्मरणिकेत प्रत्येक लेखाखाली व प्रत्येक कामापुढे ते करणारीचे नाव छापावे, अशी माझी मंडळास नम्र सूचना आहे.