थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९ – इ.स. १६१९) हे गोव्यात कार्य केलेले इंग्लिश जेझुइट धर्मगुरू व मराठी कवी होते. क्रिस्तपुराण हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया मानला जातो.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. एलिझाबेथ राणीच्या काळात तेथे कॅथलिक उपासनेस बंदी होती. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु पाउंड यांना अटक झाली आणि स्टीफन्स एकटेच गेले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला.

या संघाच्या शिक्षणात तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या ईश्वरशास्त्राला मानाचे स्थान होते. ईश्वर आहे एवढे मानवी बुद्धीला कळू शकते, मात्र त्रैक्यासारखे गूढ केवळ ईश्वरी प्रकटीकरणानेच उमगते, अशी त्या विचाराची मांडणी आहे. श्रद्धा, आशा व प्रेम हे तीन सद्गुण ईश्वराच्या कृपेने लाभतात. त्यांत प्रेम श्रेष्ठ, कारण त्याच्यावाचून इतर सद्गुणांना पूर्णता येत नाही. हा विचार लॅटिन परिभाषेत घडलेला होता. तो मराठीत कसा आणावा, हा प्रश्न स्टीफन्स यांच्यापुढे पुढील आयुष्यभर राहिला.

गोव्यातील कार्य

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे हॅकलूटच्या प्रवासवर्णनसंग्रहात छापले गेले. उर्वरित सुमारे चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी गोव्यातील साष्टी प्रांतात घालवला (मुंबईजवळची साष्टी वेगळी).

साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी त्याआधीच पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार करून त्याचा सूड घेतला. स्टीफन्स ज्या लोकांसाठी लिहीत होते, त्यांच्या मनात ही स्मृती ताजी असणार, हे क्रिस्तपुराण वाचताना विसरता येत नाही.

त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. विल्यम जोन्स यांच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या (१७८६) दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

क्रिस्तपुराण

धर्मांतरितांची पुराणे सुटली होती, पण त्यांच्या जागी ऐकण्याजोगे दुसरे काही आले नव्हते. ग्रंथात श्रोताच ही उणीव बोलून दाखवतो आणि पाद्री कथा सांगू लागतो. त्यासाठी स्टीफन्स यांनी ओवी निवडली. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडवलेला हा छंद आजच्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर ज्यांचे केंद्र आहे त्या वारकऱ्यांच्या मुखी रुळलेला होता. एकनाथांचे निधन १५९९ मध्ये झाले, म्हणजे स्टीफन्स गोव्यात आल्यानंतर सुमारे वीस वर्षे एकनाथ हयात होते.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या निर्मितीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात येशूचे चरित्र. एकूण ओव्या १०,९६२. भाषा मराठी असून समजण्यास सोपे जावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले आहेत. स्वर्गाला स्टीफन्स निःसंकोचपणे वैकुंठ म्हणतात. भक्त, कृपा, मुक्ती हे शब्दही येतात. मात्र पवित्र आत्म्यासाठी छापील परंपरेत स्पिरितु सांतु हा परका शब्दच आढळतो. रूढ शब्दाबरोबर जुना अर्थही येतो आणि परक्या शब्दाला श्रोत्याच्या मनात काहीच अर्थ नसतो. या दोन अडचणींमधून ग्रंथ वाट काढतो.

ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. देवनागरी खिळे तयार करण्याचा विचार स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात रोमला कळवला होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही. १६४९ व १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घातले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला.

इतर ग्रंथ

दौत्रिना क्रिस्तां (१६२२) हे प्रश्नोत्तररूप कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि आर्ते द लिंग्वा कानारी (१६४०) हे कोकणीचे व्याकरण, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. दुसरे पुस्तक भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

पाठाचा वाद

लंडनमधील मार्सडेन संग्रहात क्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित असल्याचे १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी दाखवून दिले. त्यात पोर्तुगीज संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तर १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली.