आभासाचा कारागीर : कलामहर्षी बाबूराव पेंटर

पुण्याच्या पेठांतील नूतनीकरण केलेली सदनिका असो वा मुळशी रस्त्याने कासार आंबोलीपर्यंत पसरत गेलेली नवी घरे असोत, दिवाणखान्याची एखादी भिंत विटांचा, संगमरवराचा किंवा जुन्या लाकडाचा भास होईल अशी रंगवून घेण्याची हौस आता चांगलीच रुळली आहे. सपाट पृष्ठभागावर केवळ रंगाच्या बळावर खोली आणि पोत उभा करण्याची ही विद्या महाराष्ट्राला मात्र नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती मराठी रंगभूमीच्या पडद्यांवर ऐन बहरात होती. तिच्या अग्रगण्य जाणकारांपैकी एक होते कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. या कलेमुळेच त्यांचे मूळ आडनाव मागे पडले आणि 'पेंटर' हेच नाव कायमचे झाले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरात सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम यांचे वळण होते. कलाशाळेची पायरी न चढताच त्यांनी रंग, लाकूड, धातू आणि माती ही सारी माध्यमे हाताखाली घातली. नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे गुरुस्थानी आणि सहकारीही. १९१० नंतरच्या काही वर्षांत या दोघांनी नामवंत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि त्यांची कीर्ती कोल्हापूरबाहेर पोहोचली.

नाटकाचा पडदा रंगवणे हे साधे काम नव्हे. कापडावरचा महाल दगडी वाटला पाहिजे, खांब गोल दिसले पाहिजेत, दालनाची लांबी मागे मागे सरकत गेली पाहिजे. त्यासाठी रेषा एका बिंदूकडे नेणे, उजेड एकाच दिशेने आल्यासारखा दाखवणे आणि त्यानुसार सावल्या टाकणे हे गणित अचूक साधावे लागते. प्रेक्षक दूर बसलेला असतो, या भरवशावर ही किमया टिकते.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने १९१३ मध्ये या दोघांना चित्रपटाचे वेड लावले. स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास आनंदरावांनी घेतला. परंतु १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. ते अपुरे काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्याच घरगुती कॅमेऱ्यावर चित्रित झालेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की प्रेक्षक हादरले आणि ते वगळावे लागल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' हा किताब दिला.

येथेच बाबूरावांच्या आयुष्यातील खरी कसोटी आली. ज्या पडद्यांनी त्यांना नाव दिले, तेच कॅमेऱ्यासमोर उघडे पडत होते. पात्राची सावली रंगवलेल्या आकाशावर पडली, की आकाश कापड होऊन जाई. स्वतःच्या हातखंड्याचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. पण बाबूरावांनी चित्रपटातून रंगीत पडदा दूर सारला आणि लांबी, रुंदी, खोली असलेले घडीव नेपथ्य उभे केले. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. रंगाने दाखवलेल्या उजेडाची जागा आता खऱ्या दिव्यांनी घेतली. १९२५ मध्ये नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' काढला. महालाचा थाट उभारणाऱ्या हातांनी यावेळी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची अंधारी झोपडी उभी केली. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम.

पुढे शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी कंपनी सोडली आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्यात आली. आज तिच्या आवारात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. 'प्रभात'च्या भव्य नेपथ्याची मुळे बाबूरावांच्या कारखान्यात होती; त्यांची स्वतःची कंपनी मात्र शिष्य गेल्यावर फार काळ तग धरू शकली नाही. बोलपटाच्या काळातही त्यांनी मोजके चित्रपट केले, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा काढला. परंतु मन अधिक रमले ते चित्र आणि शिल्पातच. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आभास कितपत पेलतो, हे पाहणाऱ्याच्या अंतरावर ठरते, हे बाबूरावांना पुरते उमगले होते. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी त्यांनी कापडावर दगड रंगवला. कॅमेरा जवळ येताच तो बाजूला ठेवून भिंत उभी केली. आपल्याच कलेची मर्यादा ओळखून पुढे जाण्याचे हे धैर्य त्यांच्या कौशल्याइतकेच दुर्मिळ होते.